वजिफा हा पगार नव्हे

मुरूडच्या बाजारपेठेत आमचे एक जुने स्नेही आहेत. वडिलांपासून चालत आलेले किराणा व भुसार मालाचे दुकान आहे. त्यांच्या कन्येला रसायनशास्त्रातील संशोधनासाठी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे सर्वजण ज्याला जेआरएफ म्हणतात ती, मिळाली. मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. पेढा तोंडात टाकताना प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "पगार किती?" आणि आमच्या स्नेह्यांनीही छाती फुगवून सांगितले, "३७ हजार!"

घोटाळ्याची सुरुवात या एका शब्दापासून झाली. पगार म्हटला की तो एक तारखेला येतो असे घर धरून चालते. त्या भरवशावर दुकानात हप्त्याने डीप फ्रीझर आला. मुलगी मुंबईला वसतिगृहात गेली. रुजू झाल्याचा अहवाल, कागदांची तपासणी, आधारशी जोडलेले बँक खाते, विद्यापीठाची खातरजमा असे एकेक टप्पे पार पडेपर्यंत पाच महिने गेले आणि हातात एक पैसा आला नाही. फ्रीझरचा हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा. सहाव्या महिन्यात साचलेली रक्कम एकदम जमा झाली, ती घरच्या उधारीत दोन दिवसांत जिरली. मुलीची मेसची थकबाकी तशीच राहिली.

एवढ्यावर निभावले असते. पण मुलीचे खाते मोबाइलवर चांगले चालते म्हणून तिच्याच खात्याचा क्यूआर कोड दुकानाच्या गल्ल्यावर चिकटवलेला होता. वर्षभर साखर, तांदूळ, तेलाचे पैसे गिऱ्हाईक तिच्या खात्यात टाकत होते. पुढे एका कामासाठी तिने आयकर खात्याच्या पोर्टलवर आपले वार्षिक माहिती विवरण उघडले, आणि बँकेचे खातेपुस्तक शेजारी ठेवले, तेव्हा तिला घाम फुटला. तिचा वजिफा कोणता आणि अब्बांची साखर कोणती, हे तिचे तिलाच सांगता येईना.

आमचे स्नेही कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आले, आणि आम्ही तिघे मिळून अलिबागच्या एका सनदी लेखापालाकडे गेलो. त्या बैठकीत जे समजले, ते आमच्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांच्या उपयोगाचे आहे. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, रेवदंडा, अलिबाग या पट्ट्यातील घरांतून आता मुले-मुली पदवीवर थांबत नाहीत. ज्यांच्या आधीच्या पिढीने कुवेत-दुबईच्या नोकरीवर घरे बांधली, त्यांची नातवंडे प्रयोगशाळेत आहेत. मात्र घराला मनीऑर्डर कळते, ड्राफ्ट कळतो, पगार कळतो. वजिफा अजून कळलेला नाही.

कायद्याच्या लेखी ही रक्कम काय आहे

१९६१ च्या आयकर कायद्यात कलम १०, पोटकलम १६ असे होते की शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती करपात्र उत्पन्नात धरायची नाही. रकमेला मर्यादा नाही. जागेचे भाडे, जेवण, पुस्तके, प्रवास कशावर खर्च केले याची पावतीवार झडती देण्याची अटही त्यात नव्हती. २०२५ मध्ये नवा आयकर कायदा मंजूर झाला, तो १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून जुना क्रमांक तोंडपाठ करून कुणाशी वाद घालू नये. शिष्यवृत्तीची सवलत हे जुनेच तत्त्व आहे, नवीन क्रमांक लेखापालाकडून लिहून घ्यावा.

ही सवलत नाव पाहून मिळत नाही, स्वरूप पाहून मिळते. विद्यार्थी म्हणून नोंदणी आहे, शिकण्यासाठी रक्कम दिली आहे, तर ती शिष्यवृत्ती. पण एखाद्या संशोधन प्रकल्पात नेमणूकपत्र देऊन कामाला ठेवले असेल आणि संस्था मुळातून कर कापत असेल, तर पदाच्या नावात 'फेलो' असले तरी ती रक्कम वेतनाकडे झुकते. निवासी डॉक्टरांच्या विद्यावेतनावरून यासाठीच न्यायाधिकरणांपर्यंत भांडणे गेली आहेत. म्हणून पहिल्याच आठवड्यात मुलाला एकच विचारावे, "तुझ्या हातात मंजुरीपत्र आहे की नेमणूकपत्र?" त्या कागदाची प्रत घरच्या फाइलीत ठेवावी.

आता समजा, ती रक्कम वेतनच ठरली. तरी घाबरण्याचे कारण थोडे आहे. महिना ४२ हजारांचे वर्षाचे ५ लाख ४ हजार होतात. त्यातून वेतनदारांना मिळणारी ७५ हजारांची प्रमाणित वजावट काढली की ४ लाख २९ हजार उरतात. २०२५-२६ या वर्षापासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. पण ४ लाखांच्या वर उत्पन्न गेले की विवरणपत्र भरावे लागते. कर शून्य असणे आणि विवरणपत्र माफ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या बाजारात निम्मे लोक इथेच चुकतात, मुलांचे सोडाच, स्वतःच्या दुकानाच्या बाबतीतही.

व्याजाचाही उल्लेख केला पाहिजे. आमच्यापैकी पुष्कळ घरे बचत खात्याचे व्याज स्वतःसाठी वापरत नाहीत, बाजूला काढून देऊन टाकतात. ते त्यांच्या जागी ठीक. पण बँकेने ते खात्यात जमा केले की आयकराच्या हिशेबी ते मुलाचे उत्पन्न झाले, आणि माहिती विवरणात ते दिसते. दिले म्हणून ते वजा होत नाही.

गल्ल्यावरचा क्यूआर कोड

खरा धोका करापेक्षा या चिकटवलेल्या कागदात आहे.

लेखापालाने आमच्या स्नेह्यांना विचारले, "चाचा, तुमच्या मुलीच्या नावावर जीएसटी नोंदणी तर नाही ना?" ते म्हणाले, "नाही, पण करणार होतो. शिकलेली आहे, तिच्या नावावर असले म्हणजे बरे." लेखापालाने कपाळाला हात लावला.

कारण असे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अधिछात्रवृत्तीची अट आहे की तो विद्यार्थी पूर्णवेळ संशोधन करील आणि दुसरीकडून पगार, मानधन किंवा दुसरे विद्यावेतन घेणार नाही. तसे प्रतिज्ञापत्र तो देतो. आता त्याच्याच नावावर दुकान, त्याच्याच खात्यात दिवसाला ४०-५० गिऱ्हाइकांचे पैसे, असे चित्र उभे राहिले तर खुलासा विचारला जाणारच. अट मोडली असे ठरले तर वजिफा थांबतो, आणि घेतलेला परत करण्याची पाळी येऊ शकते. चार वर्षांचे संशोधन एका क्यूआर कोडपायी अडचणीत येते.

दुसरीकडे आयकर खाते. बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली गेली की बँक तसे कळवते. ऑनलाइन आलेला पैसाही खातेपुस्तकात पक्क्या शाईने लिहिलेला असतो. तो वडिलांच्या दुकानाचा विक्रीचा पैसा आहे असे म्हणायचे, तर तो वडिलांच्या विक्रीत दाखवलेला हवा. दाखवला नसेल तर बाप-लेक दोघेही अडकतात. मुलीची शिष्यवृत्ती करमुक्त आहे हे सिद्ध करणे सोपे होते, कारण ती सरकारी खात्यातून सरळ आलेली असते. आपणच त्यात तांदळाचे खडे मिसळतो आणि मग निवडत बसतो.

उपाय साधा आहे. वजिफ्याचे खाते वेगळे. त्यात वजिफ्याखेरीज काही येणार नाही. दुकानाचा क्यूआर दुकानाच्या चालू खात्यावर. वडिलांना मुलीला पैसे पाठवायचे असतील तर आपल्या खात्यातून तिच्या दुसऱ्या खात्यावर पाठवावेत. वडिलांनी मुलाला किंवा मुलाने वडिलांना दिलेली देणगी करपात्र नाही, कितीही असो. आखातातून अब्बांनी पाठवलेला पैसाही याच नियमात बसतो. देणगी नसून उसनवार असेल तर २० हजार व त्यावरची रक्कम रोखीने घेऊ-देऊ नये, हा नियम व्यापाऱ्यांना आम्ही नव्याने सांगायला नको. तो घरातल्या घरातही लागू आहे, एवढेच सांगतो.

वजिफ्याची आगोट

आता खर्चाकडे वळू. आपल्या किनाऱ्यावर जून लागण्यापूर्वी घरोघर आगोट भरतात. तांदूळ, कांदे, सुकी मासळी, सरपण. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, लाँच बंद असतात, हातात रोजची मिळकत नसते, म्हणून कमाईच्या महिन्यांतच पुढचे महिने भरून ठेवायचे. शहाण्या गृहिणीला हे कुणी शिकवावे लागत नाही. वजिफ्याला नेमके हेच लागू पडते. त्यातही पावसाळा असतो, फक्त तो कोणत्या महिन्यात येईल हे पंचांगात लिहिलेले नसते.

याचे सर्वात कडू उदाहरण आपल्याच समाजाने पाहिले आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २००९ मध्ये सुरू झाली. डिसेंबर २०२२ मध्ये ती नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केल्याचे केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले. आधीपासून घेणाऱ्यांना मुदत संपेपर्यंत ती मिळेल असे ठरले. तरीही २०२५ मध्ये या जुन्या विद्यार्थ्यांचे पैसे महिनोन्महिने थकले, आणि त्यांना दिल्लीपर्यंत निवेदने द्यावी लागली. ज्यांच्या घरी त्या पैशावर हप्ते लावलेले होते त्यांची काय दशा झाली असेल, हे दुकानदाराला सांगायला नको. मोठे गिऱ्हाईक बुडवत नाही, पण थकवते, आणि थकवणारे गिऱ्हाईक बुडवणाऱ्याइतकेच लहान दुकान बसवते.

हिशेब मांडून पाहू. जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम महिना ३७ हजार आहे, पहिली दोन वर्षे. काम समाधानकारक ठरले की पुढे ४२ हजार. वसतिगृह मिळाले नाही तर घरभाडे भत्ता वेगळा, तो शहराच्या वर्गावर ठरतो, मुंबई-पुण्याला सर्वात वरचा. समजा मुलगी मुंबईत वसतिगृहात आहे. राहणे-जेवण ९ हजार, लोकल-बस २ हजार, फोन, पुस्तके, औषधपाणी २ हजार, गावी येणे-जाणे दीड हजार. एकूण साडेचौदा हजार धरू. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद झाली की वडखळमार्गे एसटी, तेव्हा वेळ जास्त. साडेबावीस हजार उरतात.

या साडेबावीस हजारांवर घराने लगेच नजर टाकू नये. आधी चार महिन्यांच्या खर्चाची आगोट भरावी, ती ५८ हजार होते. तिच्या शेजारी आणखी १५ हजार ठेवावेत, त्याचे कारण पुढे येते. हे ७३ हजार साठायला चार महिने पुरतात. म्हणजे पाचव्या महिन्यापासून मुलीला वाटले तर तिने घरी पाठवावे, आणि तेही ठरीव रक्कम म्हणून नव्हे. ज्या महिन्यात वजिफा आला नाही, त्या महिन्यात घरी काही जाणार नाही, हे घराने पहिल्या दिवशी कबूल करावे.

ते १५ हजार कशासाठी? विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षे वर्षाला १२ हजार आणि नंतर २५ हजार आकस्मिक खर्चासाठी मिळतात. कला व मानव्यशास्त्राला १० हजार आणि नंतर २० हजार ५००. पुस्तके, रसायने, टंकलेखन, अभ्यासदौरा यांवरचा हा खर्च अनेकदा आधी खिशातून करावा लागतो, बिले द्यावी लागतात, मग पैसे परत येतात. व्यापाऱ्याच्या भाषेत हे खेळते भांडवल झाले. आणि बिल पक्के हवे. आमच्या स्नेह्यांच्या कन्येने पहिल्या वर्षी झेरॉक्सवाल्याकडून कागदाच्या चिटोऱ्यावर हिशेब लिहून आणला होता. दुकानदाराची मुलगी असून! अब्बांनी मग तिला घरची जुनी पद्धत सांगितली. रोजची कीर्द, महिन्याची खतावणी, आणि बिले तारखेप्रमाणे सुतळीत. तिने ती मोबाइलमध्ये बसवली.

सर्वांना ३७ हजार मिळत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. गेट परीक्षा देऊन एम.टेक.ला गेलेल्या मुलाला तंत्रशिक्षण परिषदेची महिना १२ हजार ४०० ची शिष्यवृत्ती असते. लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ पासून आहे, आपल्याच जिल्ह्यात. म्हसळ्याच्या एखाद्या सुताराचा किंवा वेल्डरचा मुलगा तिथे शिकला तर गोरेगावमार्गे शनिवारी घरी येऊ शकतो, डबा नेऊ शकतो, आणि १२ हजारांत कसाबसा निभावतो. तोच मुलगा पुण्याला कॉट बेसिसवर राहिला तर डिपॉझिटमध्येच दोन महिन्यांचे पैसे जातात. अशा मुलाकडून घराने काही मागू नये. उलट वर्षाला थोडी भर घालावी लागेल, हे प्रवेशाच्या वेळीच मान्य करावे. वजिफा मोठा की घर जवळ, याची तुलना करून मगच प्रवेश घ्यावा. नामांकित संस्थेचे महत्त्व आम्ही नाकारत नाही, पण उपाशी राहून संशोधन होत नाही.

साता समुद्रापलीकडे

परदेशी गेलेल्या मुलांचा नियम वेगळा, आणि तिथे आपला 'शिष्यवृत्तीवर कर नाही' हा समज महागात पडतो. अमेरिकेत शिकवणीची फी माफ झाली तर तेवढा भाग करमुक्त असतो, पण राहण्या-जेवणासाठी दिलेली रक्कम करपात्र आहे. भारतीय विद्यार्थ्याला मात्र एक मोठी सोय आहे. भारत-अमेरिका कर करारातील एकविसाव्या कलमामुळे त्याला तिथल्या रहिवाशासारखी प्रमाणित वजावट घेता येते. २०२५ सालासाठी ती एकट्या माणसाला १५ हजार ७५० डॉलर आहे. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ती मिळत नाही. पहिली पाच वर्षे सामाजिक सुरक्षेची कपातही विद्यार्थ्याला लागू नसते. चुकून कापली गेली तर परत मागता येते. विवरणपत्राची तारीख १५ एप्रिल, नमुना १०४०-एनआर, आणि काही कमाई नसली तरी ८८४३ क्रमांकाचा कागद भरावाच लागतो. ब्रिटनमध्ये उलट आहे. तिथल्या सरकारी संशोधन परिषदांचा वजिफा, २०२५-२६ साठी किमान २० हजार ७८० पौंड, करमुक्त आहे, आणि पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्याच घराला नगरपालिकेचा कौन्सिल टॅक्सही माफ असतो. आकडा अमेरिकेपेक्षा लहान दिसला तरी हातात काय उरते ते पाहून ठरवावे.

इथून बँकेमार्फत वर्षाला १० लाखांवर रक्कम परदेशी शिक्षणासाठी पाठवली तर बँक त्यावर कर गोळा करते. हा जादा खर्च नाही. पाठवणाऱ्याच्या करातून तो वळता होतो किंवा परत मिळतो, पण त्यासाठी पाठवणाऱ्याचे विवरणपत्र हवे. व्हिसासाठी आणि शैक्षणिक कर्जासाठीही वडिलांची मागील दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात. ज्यांनी आजवर 'आमचे दुकान लहान आहे' म्हणून भरलेच नाही, त्यांचा मुलगा हुशार असूनही खिडकीवर थांबतो. तेव्हा ऐन वेळी धावपळ करण्याची पाळी येते.

सहावे वर्ष

एक गोष्ट बैठकीत लेखापालाने नव्हे, मुलीने सांगितली. अधिछात्रवृत्तीची मुदत पाच वर्षे. प्रबंध पाच वर्षांत पुरा होतोच असे नाही. लिहिणे, तपासणी, तोंडी परीक्षा यांत सहावे वर्ष निघते, आणि त्या वर्षी वजिफा नसतो. पुष्कळ मुले तिथेच मिळेल ती नोकरी धरतात आणि प्रबंध राहून जातो. मुलींच्या बाबतीत तर त्याच सुमारास घरातून लग्नाची घाई सुरू होते. "अब्बा, ४२ हजारांच्या तीन वर्षांत मला दर महिन्याला ६ हजार बाजूला ठेवू द्या," ती म्हणाली. ३६ महिन्यांचे २ लाख १६ हजार होतात. साडेचौदा हजारांच्या खर्चाला ते चौदा महिने पुरतात.

आमच्या स्नेह्यांनी तिथेच बसून पाकिटावर हा गुणाकार पुन्हा करून पाहिला. बरोबर निघाला. परतीच्या एसटीत ते गप्प होते. चौलपाशी म्हणाले, फ्रीझरचे उरलेले हप्ते दुकानातूनच फेडीन, आइस्क्रीम दुकान विकते, मुलगी नव्हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात गेलो तेव्हा गल्ल्यावरचा कागद खरवडून काढलेला होता, चालू खात्याचा नवा क्यूआर बँकेकडून यायचा होता, आणि तोवर आलेल्या गिऱ्हाइकांना ते सांगत होते, "दोन दिवस रोख द्या."